घरच्या ब्रॉडबँडचे दार : पोर्ट फॉरवर्डिंगचे तंत्र आणि दक्षता

भारतातील माहिती तंत्रज्ञानाच्या वाटचालीत बंगळुरू शहराचे स्थान वेगळे आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे आपले विकास केंद्र स्थापन केले आणि उपग्रहाच्या साहाय्याने थेट अमेरिकेशी संगणकीय संपर्क साधला. १९८६ मध्ये शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारा ‘एर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. त्यातील प्रारंभीच्या संस्थांमध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना झाली आणि निर्यातदार कंपन्यांना वेगवान दळणवळणाची सोय मिळू लागली. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

घरोघरी कायमस्वरूपी जोडणी पोहोचण्यास मात्र आणखी एक दशक जावे लागले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट, तर २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या जुन्या जोडणीत माहिती उतरवून घेण्याचा वेग बरा असे, परंतु घरातून बाहेर पाठविण्याचा वेग फारच कमी असे. प्रकाशतंतूच्या जोडणीमुळे ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली. घरातील संगणक आता बाहेरच्यांना सेवा पुरवू शकेल, इतकी क्षमता सामान्य कुटुंबाच्या हाती आली आहे.

तरीही या जोडणीचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. घरातून इंटरनेटवर जाणे अगदी सोपे असते, परंतु इंटरनेटवरून घरात येणे सहजासहजी शक्य होत नाही. समजा, बंगळुरूच्या जयनगर भागात राहणाऱ्या एखाद्या अभियंत्याला व्हाइटफील्डमधील कार्यालयात बसून घरच्या संगणकावरील कागदपत्रे हवी आहेत, किंवा परगावी गेलेल्या कुटुंबाला घराच्या दारावरील कॅमेरा पाहायचा आहे. घरातील राउटर अशी बाहेरून आलेली विनंती आत सोडत नाही. ती योग्य ठिकाणी पोहोचावी यासाठी राउटरमध्ये जी तरतूद करावी लागते, तिला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. कृती तशी काही मिनिटांची असते. मात्र ती समजून घेताना इंटरनेटचे पत्ते, त्यांची टंचाई, सायबर सुरक्षा आणि आयपीव्ही६ या परीक्षांच्या दृष्टीने महत्त्वाच्या अनेक विषयांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

पत्ता आणि दार

बंगळुरूच्या जुन्या वसाहतींत घराचा पत्ता ब्लॉक, मेन रस्ता, क्रॉस रस्ता आणि घर क्रमांक असा क्रमाने सांगितला जातो. त्यावरून टपाल अचूक घरी पोहोचते. इंटरनेटवर हेच काम आयपी पत्ता करतो. मात्र एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालू असतात. ब्राउझर, ई-मेल, ध्वनी-चित्र संवाद या सर्वांसाठी येणारी माहिती एकाच पत्त्यावर येते. ती कोणत्या सेवेकडे द्यायची हे ठरविण्यासाठी प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो. यालाच ‘पोर्ट’ म्हणतात. आयपी पत्ता हे घर मानले, तर पोर्ट हे त्या घराचे एखादे दार होय.

पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ० ते ६५,५३५ या मर्यादेत असतो. त्याचे तीन गट पडतात. ० ते १,०२३ हे सुपरिचित सेवांसाठी राखीव आहेत. १,०२४ ते ४९,१५१ हे नोंदणीकृत, तर ४९,१५२ ते ६५,५३५ हे तात्पुरत्या वापराचे मानले जातात. साध्या संकेतस्थळासाठी ८०, सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३, ई-मेलच्या वहनासाठी २५, दूरस्थ संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा देण्यासाठी २२ हे क्रमांक रूढ आहेत.

पोर्टचा उपयोग टीसीपी आणि यूडीपी या दोन वहन-नियमावलींत होतो. टीसीपीमध्ये प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पोच घेतली जाते. यूडीपीमध्ये पोच घेतली जात नाही, त्यामुळे काम जलद होते. ओएसआय या सात स्तरांच्या प्रारूपात मॅक पत्ता दुसऱ्या, आयपी पत्ता तिसऱ्या आणि पोर्ट चौथ्या स्तरावर येतो. हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, कारण पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये या तिन्हींचा संबंध येतो.

पत्त्यांची टंचाई आणि नॅटचा उदय

घरातील संगणकाला बाहेरून थेट का गाठता येत नाही, याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. आयपीव्ही४ या पद्धतीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगात एकूण ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते होऊ शकतात. ही संख्या पृथ्वीच्या आजच्या लोकसंख्येहूनही कमी आहे. शिवाय त्यांचे वाटप समप्रमाणात झालेले नाही. प्रारंभीच्या काळात अमेरिकेतील काही कंपन्या आणि विद्यापीठांना प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचे संपूर्ण गट दिले गेले. इंटरनेटच्या क्षेत्रात नंतर आलेल्या भारतासारख्या देशांच्या वाट्याला लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे पत्ते आले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक स्तरावरील पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था आपल्या अखेरच्या राखीव गटापर्यंत येऊन पोहोचली.

या टंचाईवर शोधलेला तात्पुरता उपाय म्हणजे ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’ अर्थात नॅट होय. मे १९९४ मध्ये त्याचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये केवळ अंतर्गत वापरासाठी तीन गट राखून ठेवण्यात आले. १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत, १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंत आणि १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंत असे हे गट आहेत. हे खासगी पत्ते कोणत्याही घरात किंवा कार्यालयात वापरता येतात. मात्र सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना स्थान नाही.

घरातील दहा उपकरणांना राउटर असे दहा खासगी पत्ते देतो आणि बाहेरच्या जगाशी बोलताना सर्वांसाठी मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतो. समजा, १९२.१६८.१.२० हा पत्ता असलेल्या लॅपटॉपने एखादे संकेतस्थळ मागविले. राउटर त्या विनंतीवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि एक मोकळा पोर्ट क्रमांक घालतो आणि ही अदलाबदल आपल्या तक्त्यात नोंदवितो. उत्तर त्या पोर्टवर परत आले की तक्ता पाहून ते लॅपटॉपकडे पोहोचविले जाते. मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावरील पहारेकऱ्याशी याची तुलना करता येईल. कोणत्या सदनिकेने काय मागविले याची नोंद त्याच्या वहीत असेल, तर आलेली वस्तू तो बिनदिक्कत वर पाठवितो. नोंदच नसेल, तर आलेला मनुष्य फाटकावरूनच परत जातो. बाहेरून न बोलाविता आलेली विनंती राउटर नाकारतो, ती याच कारणाने.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय?

पहारेकऱ्याच्या वहीत आगाऊ लिहून ठेवलेली कायमची सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ‘अमुक क्रमांकाच्या दाराशी कोणी आले, तर त्याला अमुक सदनिकेकडे पाठवावे’ अशी ही सूचना असते. तांत्रिक भाषेत सांगायचे, तर राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावरील विशिष्ट पोर्टवर आलेली माहिती घरातील विशिष्ट खासगी पत्त्याच्या विशिष्ट पोर्टकडे वळविण्याचा स्थायी नियम म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग होय.

अशा प्रत्येक नियमाची चार अंगे असतात : बाहेरील पोर्ट, अंतर्गत आयपी पत्ता, अंतर्गत पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी याची निवड. चारपैकी एक जरी चुकले, तरी नियम निरुपयोगी ठरतो. बाहेरील आणि अंतर्गत पोर्ट सारखेच असले पाहिजेत असे नाही. घरात दोन संगणक असतील आणि दोघांवरही २२ क्रमांकाची सेवा चालू असेल, तर बाहेरून दोघांना दोन वेगवेगळे क्रमांक देता येतात.

प्रत्यक्ष कृती

राउटर कोणत्याही कंपनीचा असला, तरी कृतीचा क्रम बहुतांशी सारखाच असतो.

पहिली पायरी अंतर्गत पत्ता स्थिर करण्याची. राउटर उपकरणांना पत्ते डीएचसीपी या पद्धतीने तात्पुरत्या मुदतीसाठी देतो. वीज गेली किंवा राउटर पुन्हा सुरू केला, तर तोच पत्ता मिळेल याची शाश्वती नसते. आज १९२.१६८.१.५० असलेला संगणक उद्या १९२.१६८.१.५३ झाला, तर नियम चुकीच्या ठिकाणी नेऊन पोहोचवील. म्हणून उपकरणाच्या मॅक पत्त्याच्या आधारे राउटरमध्येच त्याचा आयपी पत्ता राखून ठेवावा.

दुसरी पायरी सेवा तपासण्याची. घरातीलच दुसऱ्या संगणकावरून ती सेवा मिळते की नाही हे आधी पाहावे. आतच मिळत नसेल, तर बाहेरून मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बहुधा त्या संगणकावरील फायरवॉल त्या पोर्टला अटकाव करीत असते. तेथे आवश्यक तेवढीच परवानगी द्यावी.

तिसरी पायरी राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाण्याची. ब्राउझरमध्ये राउटरचा अंतर्गत पत्ता लिहिला की हे पान उघडते. तो सामान्यतः १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पत्ता रोमन लिपीतील अंकांत लिहावा लागतो. उत्पादकाने दिलेला परवलीचा शब्द अद्याप तसाच असेल, तर अन्य काहीही करण्यापूर्वी तो बदलावा.

चौथी पायरी नियम लिहिण्याची. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ किंवा ‘नॅट’ अशा नावाच्या विभागात नवा नियम घालण्याची सोय असते. तेथे सेवेला ओळखीचे नाव द्यावे, वर सांगितलेली चार अंगे भरावीत आणि नियम जतन करावा. याच परिसरात ‘डीएमझेड’ नावाची एक सोय आढळते. तिच्यामुळे बाहेरून येणारे सर्वच पोर्ट एका उपकरणाकडे वळविले जातात. नियम चालत नाही म्हणून घाईने या सोयीचा अवलंब करणे म्हणजे एक दार हवे असताना भिंतच पाडण्यासारखे आहे.

पाचवी पायरी चाचणीची. ही चाचणी घरच्या वायफायवरून करू नये. अनेक राउटर आतून निघून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे परत येणारी विनंती हाताळू शकत नाहीत. त्यामुळे नियम बरोबर असूनही चुकला असे वाटते. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून प्रयत्न केल्यास खरे उत्तर मिळते.

सहावी पायरी बदलत्या सार्वजनिक पत्त्याची. घरगुती जोडणीचा सार्वजनिक पत्ताही अधूनमधून बदलतो. त्यावर ‘डायनॅमिक डीएनएस’ हा उपाय आहे. यात घराला एक स्थिर नाव दिले जाते आणि पत्ता बदलला की राउटर ती नोंद आपोआप अद्ययावत करतो. सेवादात्याकडून शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे हा दुसरा मार्ग होय.

सामायिक पत्त्याची अडचण

सर्व पायऱ्या बिनचूक पार पाडूनही अनेकदा बाहेरून संपर्क होत नाही. याचे कारण घरात नसून सेवादात्याच्या यंत्रणेत असते. पत्त्यांची टंचाई वाढल्यामुळे अनेक सेवादात्यांनी प्रत्येक घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणे थांबविले आहे. शेकडो ग्राहक मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात. या व्यवस्थेला ‘कॅरियर ग्रेड नॅट’ म्हणतात. घराचा राउटर हा एक पहारेकरी आणि सेवादात्याची यंत्रणा हा त्याच्याही पुढचा दुसरा पहारेकरी, अशी स्थिती होते. पहिल्याच्या वहीत नोंद करणे ग्राहकाच्या हाती असते, दुसऱ्याच्या वहीला त्याला हात लावता येत नाही.

ही स्थिती ओळखण्याची सोपी कसोटी आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता यांची तुलना करावी. दोन्ही सारखे असल्यास पोर्ट फॉरवर्डिंग शक्य असते. ते वेगळे असल्यास मध्ये आणखी एक नॅट आहे असे समजावे. वॅनचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या दरम्यान असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. एप्रिल २०१२ मध्ये हा गट याच कामासाठी राखून ठेवण्यात आला आहे. कधी कधी दुसरा नॅट घरातच असतो. सेवादात्याने बसविलेले प्रकाशतंतूचे उपकरण आणि ग्राहकाने विकत आणलेला राउटर ही दोन्ही नॅट करीत असतात. अशा वेळी पहिल्या उपकरणाला ‘ब्रिज’ स्थितीत ठेवून घेतल्यास अडचण दूर होते.

सामायिक पत्त्याचा परिणाम तपास यंत्रणांवरही होतो. एका पत्त्यामागे शेकडो कुटुंबे असतील, तर गुन्ह्याच्या तपासात केवळ आयपी पत्ता पुरेसा ठरत नाही. त्यासोबत पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ यांचीही नोंद लागते. अन्यथा निरपराध ग्राहकावर संशय येण्याची शक्यता राहते.

उघड्या दाराचा धोका

पोर्ट उघडणे म्हणजे घराचे एक दार जगातील प्रत्येकासाठी रस्त्यावर उघडणे होय. हे दार कोणाच्या लक्षात येणार नाही, असा समज चुकीचा आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे साधन सादर केले. त्याच्या साहाय्याने एका साध्या संगणकावरून, पुरेशा वेगाची जोडणी असल्यास, संपूर्ण आयपीव्ही४ विश्वातील एक पोर्ट पाऊण तासापेक्षा कमी वेळात तपासता येतो. त्यामुळे नेहमीच्या क्रमांकाऐवजी वेगळा क्रमांक वापरल्याने गर्दी कमी होते, सुरक्षितता मात्र मिळत नाही.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने हे जगाला दाखवून दिले. टेलनेट सेवेचे २३ आणि २३२३ हे पोर्ट उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचे आणि उत्पादकांनी दिलेल्या सुमारे साठ ठरावीक परवलीच्या शब्दांनी त्यांत शिरायचे, एवढीच तिची युक्ती होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर एकाच वेळी मारा केला आणि अनेक नामवंत संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. सेवादात्याच्या दूरस्थ देखभालीसाठी वापरला जाणारा ७५४७ हा पोर्ट बाहेरून उघडा असणे हे त्यामागील कारण होते.

पुढच्याच वर्षी कर्नाटकाला असाच अनुभव आला. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमाच्या कर्नाटक परिमंडळातील ब्रॉडबँड जाळ्यावर घातक प्रणालीचा हल्ला झाला आणि सुमारे ६०,००० मोडेम बंद पडले. ज्या मोडेमचे वापरकर्ता-नाव आणि परवलीचा शब्द उत्पादकाने दिलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच राहिला होता, ते या हल्ल्याला बळी पडले. उपकरणे कायमची निकामी करणाऱ्या ‘ब्रिकरबॉट’ या प्रणालीच्या कर्त्याने त्या वेळी या कृत्याचा दावा केला होता. निगमाने ग्राहकांना परवलीचा शब्द तातडीने बदलण्याचे आवाहन केले. या घटनेचा बोध स्पष्ट आहे. बळी पडलेल्या कुटुंबांना कोणी व्यक्तिशः लक्ष्य केले नव्हते. यंत्रे यंत्रांना शोधत होती आणि ज्या दाराला कारखान्याचेच कुलूप होते, ते दार उघडले गेले.

सुरक्षित मार्ग

घरी बाहेरून पोहोचण्याची गरज खरी आहे, म्हणून काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. कॅमेरा, टेलनेट, दूरस्थ पडदा यांसारख्या सेवांचे पोर्ट थेट उघडू नयेत. दूरस्थ पडद्यासाठीचा ३३८९ हा पोर्ट तर हल्लेखोरांच्या नेहमीच्या शोधात असतो. त्याऐवजी घरात ‘व्हीपीएन’ सेवा चालवून केवळ तिचा एकच पोर्ट वळवावा. वायरगार्ड या प्रणालीसाठी सामान्यतः यूडीपी ५१८२०, तर ओपनव्हीपीएनसाठी ११९४ हा पोर्ट वापरतात. वापरकर्ता सांकेतिक किल्लीने ओळख पटवून या बोगद्यातून घरच्या जाळ्यात येतो आणि मग कॅमेरा, कागदपत्रे, छपाईयंत्र या सर्व सेवा त्याला घरात असल्याप्रमाणे मिळतात. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. त्यामुळे दार आहे की नाही, हेही बाहेरच्याला कळत नाही.

‘यूपीएनपी’ या सोयीकडेही लक्ष द्यावे. तिच्यामुळे घरातील उपकरणे मालकाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतात. गरज नसल्यास ती बंद ठेवावी. राउटरचे व्यवस्थापन पान बाहेरून उघडणार नाही याची खात्री करावी. राउटरमधील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. काम संपले की नियम काढून टाकावा. वर्षभरापूर्वी कशासाठी तरी लिहिलेला आणि विसरला गेलेला नियम हा सर्वांत धोकादायक नियम असतो.

कायदा आणि संस्था

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात किंवा जाळ्यात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तो गुन्हा ठरतो. एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्रण संमतीविना करणे किंवा प्रसारित करणे यासाठी कलम ६६ई मध्ये शिक्षेची तरतूद आहे. घरातील कॅमेऱ्यांच्या संदर्भात हे कलम महत्त्वाचे आहे. दार उघडे राहिले म्हणून आत शिरण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

सायबर घटनांच्या प्रतिसादासाठी ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. तिला कलम ७०बी चा वैधानिक आधार आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादाते आणि कंपन्यांनी विहित प्रकारच्या घटनांची माहिती सहा तासांच्या आत देणे आणि नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. बाधित उपकरणे शोधून ती स्वच्छ करण्याची साधने नागरिकांना पुरविण्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले.

उपकरण बाजारात येण्यापूर्वीच सुरक्षित असावे, या दृष्टीनेही पावले पडली आहेत. दूरसंचार विभागाचे राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र बंगळुरू येथेच आहे. राउटर आणि घरगुती वायफाय उपकरणांसह दूरसंचार साधनांच्या सुरक्षाविषयक आवश्यकता हे केंद्र निश्चित करते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२४ मध्ये अधिसूचित केलेल्या सुरक्षा अटी एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या.

आयपीव्ही६ आणि पुढील दिशा

नॅट, सामायिक पत्ते आणि पोर्ट फॉरवर्डिंग ही सारी यंत्रणा टंचाईतून जन्मली आहे. टंचाईवरील कायमचा उपाय म्हणजे आयपीव्ही६ होय. त्यातील पत्ता १२८ बिटांचा असतो आणि एकूण पत्त्यांची संख्या ३४ च्या पुढे ३७ शून्ये इतकी प्रचंड होते. त्यामुळे घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पत्त्यांची अदलाबदल करण्याची गरजच राहत नाही. पोर्ट वळविण्याऐवजी राउटरच्या फायरवॉलमध्ये विशिष्ट उपकरणाच्या विशिष्ट पोर्टला केवळ परवानगी द्यावी लागते. ही फायरवॉल बंद केल्यास मात्र घरातील प्रत्येक उपकरण रस्त्यावर उभे राहते. पहारेकऱ्याची वही गेली, तरी पहाऱ्याची आवश्यकता संपत नाही.

भारताने या दिशेने लक्षणीय प्रगती केली आहे. जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६ चा पहिला राष्ट्रीय आराखडा आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा आराखडा प्रसिद्ध झाला. देशातील पत्त्यांच्या वाटपाचे काम २०१२ पासून ‘निक्सी’ या संस्थेच्या अंतर्गत ‘इरिन’ ही नोंदणी संस्था पाहते. २०१६ नंतर चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांचा विस्तार झाला, तसा आयपीव्ही६ चा वापर झपाट्याने वाढला आणि आज या बाबतीत भारताची गणना जगातील अग्रणी देशांत होते. पत्त्यांच्या जुन्या वाटपात मागे राहिलेल्या देशाने नव्या वाटपात घेतलेली ही आघाडी उल्लेखनीय आहे. घरगुती राउटर, कॅमेरे आणि कार्यालयांची जाळी या बदलात पूर्णपणे सामील होईपर्यंत मात्र दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालत राहतील आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे ज्ञान उपयोगी पडत राहील.

इंटरनेटच्या मूळ रचनेत प्रत्येक संगणक समान मानला होता. जो मागू शकतो, तो देऊही शकतो, हे तिचे सूत्र होते. पत्त्यांच्या टंचाईने सामान्य घराला केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत ठेवले. आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे दूरच्या कंपनीकडे ठेवायची की आपल्याच घरी ठेवून हवी तेव्हा मिळवायची, ही निवड नागरिकाला करता यावी, तर त्याला आपल्या घराच्या या दाराची ओळख असणे आवश्यक आहे. कोणते दार उघडले, कोणासाठी उघडले आणि ते केव्हा बंद करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्या हाती ब्रॉडबँड हे सुरक्षित आणि उपयुक्त साधन ठरते. डिजिटल साक्षरतेत या जाणिवेचाही समावेश व्हावयास हवा.